पाठकोरे कागद

"काका, पॅड झाले म्हणजे काय झालं?" आर्याने विचारलं.

"म्हणजे बाद कागद होते ना ते. पाठकोरे," कैलास म्हणाला. "कापायच्या मशीनवर कडा सारख्या केल्या, वरून गोंद लावला, खाली पुठ्ठा चिकटवला. पन्नास-पन्नासचे सहा पॅड. गेले पण."

"गेले कुठे?"

"सलमाबादला. कॅम्पात."

आर्या काउंटरवर हात आपटून हसायला लागली. अकरावीतली पोर, वडील इंजिनिअर, मराठी समजायची सगळी, पण बोलताना निम्मं इंग्रजी. शुक्रवार सकाळ होती, आखाती देशातल्या नईम भागातलं ते टायपिंग-झेरॉक्सचं दुकान नुकतंच उघडलं होतं आणि कैलासला हसण्यासारखं काय घडलं ते काही केल्या कळेना.

"काका, यू डोन्ट नो! ते हिस्टरीच्या एक्झिबिशनचे होते. मॅम म्हणाल्या, चुकलेले पण आण, जिन्यात टाकायला होतील. आणि तुम्ही लेबर कॅम्पला पाठवले? ओ माय गॉड. तुम्ही वाचलं नाही का?"

वाचलं नाही का! आता हे त्याला कुणी विचारावं? सोळा वर्षं कैलास या मशीनपाशी उभा होता. लोकांचे पासपोर्ट, निकाहनामे, तलाकनामे, मेलेल्यांचे दाखले, सगळं त्याच्या हाताखालून गेलं, पण त्याने एक ओळ वाचली असेल तर शपथ. कागद मोजायचे, वाचायचे नाहीत, हा त्याचा नेम. माणूस नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाटणकडचं गाव सोडून इथे आला तेव्हा बायकोने, स्वप्नालीने, एवढंच सांगितलं होतं की तिकडं तोंड मिटून राहा. त्याने ते इतकं मनावर घेतलं की डोळेही मिटून घेतले.

बुधवारी आर्याने मजकूर आणला, हिंदीतला. वर्गात हिंदी धड कुणालाच येत नव्हती, ही मराठी म्हणून हिच्या गळ्यात मारलेला. त्याने तीनशे प्रती काढल्या. संध्याकाळी तिचा फोन आला की खालची एक ओळ राहिली, परत काढा. मग गुरुवारी नवे तीनशे काढले, आणि जुन्यांचे दुकानाच्या रिवाजाप्रमाणे पॅड केले. रिवाज मालकिणीचा. अख्तरुन्निसा आपा मूळच्या हैदराबादच्या, आणि एका बाजूने कोरा कागद फेकणं त्यांच्या मते पापच. "कायकू फेकते मियाँ? पीछे की बाजू का क्या कसूर?" दर गुरुवारी सलमाबादच्या एका कॅम्पाची व्हॅन हजेरीच्या झेरॉक्स न्यायला यायची, तिच्यातून हे पॅड तुकारामदादाकडे जायचे. दादा त्या कॅम्पात हजेरी लिहायचा. कैलासच्याच गावचा. कैलासचा पहिला व्हिसा त्यानेच काढून दिलेला.

"कुठली ओळ राहिली होती?" कैलासने विचारलं.

आर्याने नव्या गठ्ठ्यातला एक कागद त्याच्यापुढे धरला. अगदी तळाला बारीक अक्षरात छापलं होतं: म्युनिक, जर्मनी, फेब्रुवारी १९४३.

"मॅम म्हणाल्या, ही लाइन नसेल तर हिस्टरी राहत नाही. मग ते नुसतंच पत्रक होतं."

कैलासने वरचा मजकूर वाचला. नेम मोडून, ओठ हलवत वाचला.

'तुम चुप हो, इसलिए वे मज़बूत हैं। जो बात झूठ है, उस पर दस्तख़त मत करो। आज बस एक बार नहीं कहो। यह काग़ज़ पढ़ो और अगले आदमी को दे दो।'

त्याने कागद काउंटरवर ठेवला.

"कुणी लिहिलं हे?"

"मीच. त्यांच्या आयडियावरून, पण माझ्या वर्ड्समध्ये." आणि ती सांगत सुटली. हिटलरच्या जर्मनीत कॉलेजातली काही मुलं होती. "जर्मनच होती काका, बाहेरची नाही. आतली." चोरून पत्रकं छापायची, वाटायची. एक दिवस एका भाऊ-बहिणीने युनिव्हर्सिटीत वरच्या मजल्यावरून उरलेला गठ्ठा खाली ढकलून दिला. चौकभर कागद. तिथे एक शिपाई होता, इमारतीची देखभाल करणारा. त्याने दोघांना धरलं. म्हणाला, इथे कागद टाकायला मनाई आहे. पोलिसांच्या हवाली केलं. "फोर डेज, काका. चार दिवसांत मारून टाकलं दोघांना."

"आणि शिपायाचं?"

"अं?"

"शिपायाचं काय झालं?"

हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. "त्याला बक्षीस मिळालं. लोकांनी टाळ्यापण वाजवल्या. नंतर मग जेल, ती राजवट गेल्यावर. पण काका, त्याचं काय एवढं?"

एवढं काही नाही. कैलास आपला विचार करत होता की त्या माणसाने रोजचं काम केलं. जिना घाण झाला, त्याने हटकलं. आता यात तो वाईट कुठून झाला, आणि नसेल झाला तर ती मुलं का मेली, हे गणित त्याच्या डोक्यात बसेना. आणि बसवायला सवड तरी कुठे होती? तीनशे कागद, ना तारीख ना गाव, कामगारांच्या कॅम्पात पोचले होते. कॅम्पाच्या इन्चार्जने एक जरी वाचला, तर विचारणार कोण छापलं. मशीन कुणाचं. व्हिसा कुणाचा. त्याने तुकारामला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही.

"आपा, मी जाऊन येतो," तो म्हणाला आणि टॅक्सी केली. सोळा वर्षांत सलमाबादला तो टॅक्सीने कधी गेला नव्हता.

कॅम्पात जेवणाची गडबड होती. शुक्रवार सुट्टीचा, पण सुट्टी म्हणायची आपली. अडीचला बस लागायची आणि माणसं साइटवर जायची. कागदोपत्री मात्र कुणी कुणावर जबरदस्ती करत नव्हतं. दर शुक्रवारी तुकाराम एक चिठ्ठी लिहायचा, 'सब लोग अपनी मर्ज़ी से आए हैं', खाली सही करायचा, आणि ती फाइलला लागायची. अकरा वर्षं लिहीत होता.

कैलासने आधी पॅड गोळा केले. दोन स्टोअरच्या कपाटात, न उघडलेले. एक स्वयंपाकघरात. आचाऱ्याने त्यावर कांदे, तेल, डाळ लिहिलं होतं. मागे काय छापलंय हे त्याने पाहिलंही नव्हतं, आणि त्याला हिंदी वाचताही येत नव्हतं. एक वॉचमनकडे. तो बंगाली. एक पाण्याच्या टाकीजवळ खिळ्याला लटकलेला. कैलास एकेक उचलत होता, पिशवीत टाकत होता, कुणी विचारलं तर "गलत आ गया भाई, दूसरा भेजता हूँ" म्हणत होता. पाच झाले. कुणीही वाचलेलं नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडत आला होता, तेवढ्यात हजेरीच्या टेबलामागे बसलेल्या तुकारामने सहावा पॅड खिशातून काढून त्याच्यासमोर धरला.

"ह्योच हुडकतुयास न्हवं?"

पंचावन्नचा माणूस, केस पांढरे झालेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. चेहऱ्यावर असं काही होतं जे कैलासने कधी पाहिलं नव्हतं.

"दादा, फोन का न्हाय उचलला?"

"काय बोलू फोनवर? सकाळी च्या पिताना उलटून बघितलं. तीनदा वाचलं." तुकारामने आवाज खाली आणला. "कैलासा, सोळा वर्सं झाली तुला हितं येऊन. मी दर शुक्रवारी काय लिवतो ते तुला ठावं हुतं. कदी एका शब्दानं बोलला न्हाईस. मला वाटायचं, ह्याला काय पडलीच न्हाय. आन् आता बोललास ते असं कागदावर."

कैलासने तोंड उघडलं. सांगायचं होतं की दादा, हे शाळेच्या पोरीचं आहे, जर्मनीचं आहे, मी वाचलंसुद्धा नव्हतं. एवढं सोपं वाक्य. पण समोरचा माणूस त्याच्याकडे इतक्या मायेने बघत होता की तो पिशवीतच बघत राहिला. आणि तेवढ्यात फाटकात गाडीचा हॉर्न वाजला.

इन्चार्ज आत आला तो घाईतच. "यल्ला, यल्ला. चिट्ठी?"

"आज नही लिखा साब," तुकाराम म्हणाला.

"क्यों? पेन नहीं है?"

"पेन है. किसीको पूछा नही ना साब. पूछे बिना उनकी मर्जी कैसे लिखू?"

सरळ आवाजात म्हणाला. भांडण नाही, काही नाही. जेवून हात धुणारी माणसं थांबली. इन्चार्जला आधी वाटलं हा चेष्टा करतोय. मग त्याने तुकारामच्या हातातला पॅड घेतला, चाळला, उलटा केला आणि वाचला. वाचायला त्याला जरा वेळ लागला.

"ये कहाँ से आया?"

कैलास तिथेच उभा होता. पिशवीतले पाच पॅड पोटाशी धरून. मी दिले, चुकून दिले, शाळेचे आहेत. एवढं पुरलं असतं, खरंही होतं, दादावरचं बालंट टळलं असतं. पण लगेच पुढचं दिसलं. कुठलं दुकान, कुणाचं लायसन्स, रेसिडेंट कार्ड दाखव. त्याच्या पाचावर धारण बसली. त्याने पिशवी आणखी घट्ट धरली.

तुकारामने एकदाच त्याच्याकडे पाहिलं.

"रद्दी है साब. पडा था, मैने उठाया."

"और ये कौन है?"

"गाववाला. मिलने आया."

"मुलाकात चार के बाद." इन्चार्जने वरचं पान टरकावलं, पॅडसकट कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि शेजारच्या टेबलावरच्या शैलेंद्र नावाच्या माणसाकडून चिठ्ठी लिहून घेतली. शैलेंद्रने मान वर न करता लिहिली. "तुकाराम, टेबल खलास. आज से साइट पे. हेल्मेट ले लो."

बस त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा सुटली, एवढाच काय तो फरक. माणसं चढली. तुकाराम शेवटी चढायला निघाला, डोक्यावर दुसऱ्याचं हेल्मेट, मोठं, कानांवर येणारं. कैलास धावत बसच्या दाराशी गेला.

"दादा, ते मी लिवलं न्हवतं. शाळंचं हुतं, परदर्शनाचं. मी बघितलं बी न्हवतं. चुकून आलं."

तुकाराम पायरीवर थांबला. कैलासला वाटलं, आता हा शिवी घालेल, आणि घालावीच.

"चुकून?"

"व्हय दादा."

"बरं," तुकाराम म्हणाला. हेल्मेट मागे सारत म्हणाला, "कुनी का लिवंना. वाचलं तर म्या." आणि आत गेला.

बस गेल्यावर कैलासने कचऱ्याच्या डब्यातून सहावा पॅड काढला, त्यावरचा भात पुसला आणि पिशवीत टाकला. सहाच्या सहा मिळाले. कॅम्पात एक चिटोरं राहिलं नाही. परतताना त्याला आठवलं की त्या शिपायानेही कागद असेच गोळा केले असतील, आणि काम चोख झालं म्हणून त्याला बरं वाटलं असेल. मग त्याला स्वतःचीच इतकी शरम वाटली की तो दोन स्टॉप आधी बसमधून उतरला आणि उन्हातून चालत राहिला.

शनिवारी त्याने आपांना सगळं सांगितलं. आपांना उर्दू वाचता यायचं, हिंदी नाही. म्हणाल्या, पढके सुनाओ. त्याने वाचलं. चारच वाक्यं, पण स्वतःच्या तोंडून निघताना ती भलतीच जड लागली. 'दस्तख़त मत करो' त्याने दोनदा वाचलं. आपा जपमाळ ओढत ऐकत होत्या.

"अच्छा लिखी छोरी," त्या म्हणाल्या. मग उठून दुकानाचं दार लावून घेतलं. "अब फाड दो मियाँ. मेरे को भी यहीच रहना है."

दोघांनी मिळून फाडलं. पाठकोरा कागद फेकणं पाप म्हणणाऱ्या बाईने दीडेकशे कागद स्वतःच्या हाताने फाडले, आणि फाडताना एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही.

रविवारी दुपारी आर्याचा फोन. प्रदर्शनाच्या पाट्या लॅमिनेट करून ईसा टाउनला शाळेत आणून द्याल का, प्लीज काका. कैलास घेऊन गेला. शाळेचा जिना आणि खालचा चौक कागदांनी भरून गेला होता. पायऱ्यापायऱ्यांवर पत्रकं, आई-वडील त्यातून जपून पाय टाकत वर जात होते, फोटो काढत होते. जिन्याच्या तळाशी एक खुर्ची होती. तिच्यावर एक खाकी टोपी, आणि टेकून उभा केलेला झाडू.

"हे काय?"

"तो शिपाई," आर्या म्हणाली. "नाटुकलं करणार होतो. पण ते कॅरेक्टर कुणीच घेईना. सावनी नाही म्हणाली, सुयश नाही म्हणाला. मग नुसती टोपी ठेवली." तिने त्याचा दंड धरून बाईंकडे ओढत नेलं. "मॅम, कैलास काकांनी प्रिंट केलेत सगळे. दोनदा!"

बाईंनी त्याचा हात हातात घेतला. जमलेल्या चारदोन पालकांनी टाळ्या वाजवल्या. आर्याची आई लीना म्हणाली, "अहो, तुमच्यामुळे झालं हो सगळं." कैलासला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. टाळ्या वाजवू नका, असं ओरडून सांगावंसं वाटलं. तो कसाबसा हसला, पाट्या दिल्या आणि जिन्याखाली येऊन उभा राहिला. पाय भरून आले होते. दुसरी खुर्ची नव्हती. त्याने टोपी उचलली, बसला, आणि टोपी मांडीवर ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. तुकाराम.

"कैलासा, कामात हाईस का?"

"न्हाय दादा. हात कसं हाईत?"

"सुजल्यात. अकरा वर्सं पेन धरलं, आता घमेलं. हुईल सवय." मागे सिमेंटच्या मिक्सरची घरघर होती. "ऐक. त्ये पॅड हाईत का अजून?"

कैलासला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "कुठलं?"

"त्येच. मागनं लिवल्यालं. हितं चौघंजण मागत्यात. म्या तोंडी सांगितलं त्यास्नी, पर शब्द नीट आठवंनात. कागद असल्याला बरा."

"दादा, ते फाडलं. काल."

घरघर ऐकू येत राहिली. मग तुकाराम म्हणाला, "बरं केलंस. तुला बी पोरंबाळं हाईत." आणि फोन ठेवता ठेवता, जसं काही मीठ-मिरची मागावी तसं म्हणाला, "पर परत कदी झालं तर धाड. मागल्या येळंसारखं चुकूनच धाड."

फोन बंद झाला. वर कुठेतरी आर्या कुणाला तरी इंग्रजीत चार दिवसांची गोष्ट सांगत होती. कैलास बसून राहिला. आपण भित्रे आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्याबद्दल मनात काही गोंधळ नव्हता. बाकी सगळ्याचा होता.

मग तो उठला, टोपी खुर्चीवर नीट ठेवली, आणि खालच्या पायरीवरचा कागद उचलला. मग वरचा. मग त्याच्या वरचा.

"काका, नका ना उचलू!" आर्या कठड्यावरून ओरडली. "ते तसेच पडलेले हवेत!"

"थोडेच घेतो गं. पाठकोरे आहेत," तो म्हणाला.

दोघातिघांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हसले. एकाने फोटोही काढला. त्यांना वाटलं, शिपायाचं काम करणारा माणूस अखेर मिळाला. कैलासने पन्नासेक कागद गुडघ्यावर ठोकून सरळ केले, कडा जुळवल्या आणि तळाच्या बारीक ओळीपाशी नख लावून पाहिलं. म्युनिक, जर्मनी, फेब्रुवारी १९४३. वरच्या शेवटच्या शब्दापासून ती बोटभर खाली होती. कागद कापायच्या मशीनखाली ती ओळ एका पट्टीत कापून निघाली असती.